चेहऱ्यात फिलर, पोटात बाळ

डोळ्यांखालचे खड्डे भरून काढायला मी फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायचं जेल, घेतलं आणि काही दिवसांतच पाळी चुकली. टेस्टवर दोन रेघा उमटल्या. आम्हाला बाळ हवंच होतं, त्यामुळे आनंद खूप झाला. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरा विचार आला: चेहऱ्यात जे टोचून घेतलंय त्याचं काय? तारखा जुळवून पाहिल्या. सुई टोचली तेव्हा गर्भ जेमतेम रुजत असणार. त्या दिवशी घरी टेस्ट केली असती तरी ती निगेटिव्हच आली असती.

पुढचे सगळे महिने हा प्रश्न माझ्यासोबत राहिला. सहाव्या महिन्यात त्याने वेगळंच वळण घेतलं, ते पुढे सांगतेच. लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की अशा वेळी कुणाला विचारलं तर एक तर "काही होत नाही गं" असं ऐकायला मिळतं, नाही तर "अगं बाई, आता कसं?" असं. घाबरलेल्या बाईला या दोन्हींचा काही उपयोग नसतो. तिला नेमकं काय ठाऊक आहे आणि आता काय करायचं, हे हवं असतं.

माझे डोळ्यांखालचे खड्डे आईकडून आलेले. झोप पुरी झाली तरी चेहरा थकलेला दिसायचा. स्किनच्या डॉक्टरांनी हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर सुचवलं. आधी सुन्न करणारं क्रीम लावलं, मग बोथट टोकाच्या बारीक कॅन्युलाने, म्हणजे पोकळ सुईने, दोन्ही बाजूंना थोडं थोडं जेल सोडलं. दोन्ही मिळून एक मिलिलिटर. संमतीपत्रावर "गरोदर आहात का?" असा प्रश्न होता. मी "नाही" लिहिलं, आणि मला ठाऊक होतं त्याप्रमाणे ते खरंच होतं. शेवटच्या पाळीची तारीख मात्र कुणी विचारली नव्हती. एक मिनिट लागतं त्याला. बाळाचा विचार चालू असलेल्या बाईला ही तारीख विचारलीच पाहिजे, असं माझं आता ठाम मत आहे.

टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर मी पहिला फोन स्किनच्या डॉक्टरांनाच केला. त्यांनी आधी अभिनंदन केलं, मग म्हणाल्या, "तुमच्या फाइलमध्ये सिरिंजच्या खोक्यावरचा स्टिकर लावलेला आहे. त्याचा फोटो पाठवते. तो तुमच्या गायनॅक डॉक्टरांना दाखवा." हा स्टिकर किती कामाचा असतो ते मला तेव्हा कळलं. त्यावर फिलरचं नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख असं सगळं असतं. चेहऱ्यात नक्की काय गेलं आहे हे नंतर कुणालाही सांगायचं असेल, तर तेवढा एकच पुरावा हातात असतो. तुम्ही कधी फिलर घेतलं असेल आणि स्टिकर जवळ नसेल, तर आजच मागून घ्या.

माझ्या फिलरमध्ये लिडोकेन होतं, म्हणजे दुखू नये म्हणून मिसळलेलं भुलीचं औषध. आताच्या बऱ्याच फिलरमध्ये ते 0.3 टक्के असतं. हिशोब सोपा आहे: एका मिलिलिटरमध्ये 3 मिलिग्रॅम. दाढेचं काम करताना दातांचे डॉक्टर जे इंजेक्शन देतात, त्याच्या 1.8 मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये 2 टक्क्यांचं लिडोकेन असेल तर 36 मिलिग्रॅम होतात, आणि हे इंजेक्शन गरोदर बायकांनाही गरज पडली की देतात. लिडोकेन वारेतून बाळाकडे जातं हे खरं, पण माझ्या बाबतीत प्रमाण अगदी किरकोळ होतं. निदान ही एक काळजी तरी मिटली.

गायनॅक मॅडमकडे गेले तेव्हा मी बरंच काही लिहून नेलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आधी हायल्युरॉनिक ॲसिड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते आपल्या अंगात आधीपासूनच असतं. त्वचेत, सांध्यांत, डोळ्यातल्या पारदर्शक गरात. 1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं तेही गाईच्या डोळ्यातून. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 15 ग्रॅम असतं आणि त्यातलं एक तृतीयांश रोज मोडून नव्याने तयार होतं. बाळाच्या नाळेत रक्तवाहिन्यांभोवती जो जेलीसारखा थर असतो, त्यातही ते भरपूर असतं. हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं.

पण मॅडमनी मला तिथेच थांबू दिलं नाही. म्हणाल्या, "अंगातलं हायल्युरॉनिक ॲसिड एक-दोन दिवसांत मोडतं. तसंच्या तसं टोचलं तर फिलर टिकणारच नाही. म्हणून कारखान्यात त्याचे धागे एका रसायनाने एकमेकांना जोडतात." त्या रसायनाचं छोटं नाव बीडीडीई. जोडणी झाल्यावर जेल स्वच्छ करतात आणि न जुळलेलं बीडीडीई दहा लाखांत दोन भागांच्या आत ठेवतात. जोडलेल्या धाग्यांचं हे जेल घट्ट असतं, टोचलेल्या जागीच बसून राहतं आणि महिनोन्‌महिने हळूहळू विरघळतं. ते अख्खं रक्तात मिसळून वारेपर्यंत पोचेल असं मानायला कारण नाही. विरघळताना सुटणारे तुकडे शरीर नेहमीच्या हायल्युरॉनिक ॲसिडसारखेच मोडून टाकतं.

"म्हणजे सुरक्षित आहे ना?" मी विचारलं.

"माझ्या अंदाजाने बाळाला त्रास होण्याचं कारण दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण हा अंदाज शरीराचं काम कसं चालतं यावरून बांधलेला आहे. गरोदर बायकांवर कुणी अभ्यास करून तो तपासलेला नाही. तुम्हाला दोन्ही गोष्टी ठाऊक असायला हव्यात."

या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. फिलरच्या माहितीपत्रकात मी वाचलं होतं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये या उत्पादनाची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मान्यता दिलेल्या फिलरच्या कागदांवरही अशाच आशयाची सूचना असते. मला ते वाचून वाटलं होतं की धोका सापडला असणार आणि तो मवाळ शब्दांत सांगितलाय. मॅडमनी सांगितलं की तसं नाही. कुणी शोधायलाच गेलेलं नाही. यामागे मोठा इतिहास आहे. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदर बायकांनी ते मळमळीसाठीही घेतलं. 1961 मध्ये ते मागे घेईपर्यंत अनेक देशांत हजारो मुलं अपुऱ्या हातापायांनी जन्माला आली होती. त्यानंतर नियम कडक झाले. 1977 मध्ये एफडीएने तर मूल होऊ शकेल अशा वयातल्या बायकांनाच औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायला सांगितलं. ते धोरण 1993 मध्ये बदललं, पण गरोदर बायका बहुतेक चाचण्यांपासून आजही लांबच असतात. जीव वाचवणाऱ्या औषधांची ही स्थिती, मग फक्त चेहऱ्यासाठी असलेल्या इंजेक्शनची चाचणी पोटात बाळ असलेल्या बाईवर कोण करणार? आणि करूही नये. एखाद्या आईने आपलं बाळ त्यासाठी का पणाला लावावं?

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. गर्भ राहिल्यावर साधारण पहिले दोन आठवडे पेशी अजून कुठल्या अवयवाच्या झालेल्या नसतात. त्या काळात काही घातक घडलं तर बहुधा गर्भ टिकत नाही, आणि टिकला तर सहसा पूर्ण सावरतो. अवयव घडण्याचा सगळ्यात नाजूक काळ त्यानंतर सुरू होतो. माझी सुई त्या पहिल्या काळातली होती. फिलर घेतलं म्हणून एकही जादा तपासणी लागणार नव्हती. 11 ते 13 आठवड्यांतला एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी पाहणारी सोनोग्राफी, आणि पाचव्या महिन्याच्या सुमाराचा, बाळाचे अवयव पाहणारा ॲनॉमली स्कॅन, सगळ्यांचा होतो तसाच. मॅडमनी आणखी एक आकडा आधीच कानावर घातला: काहीही न घेता, न टोचता राहिलेल्या गरोदरपणातही शंभरातल्या सुमारे तीन बाळांत मोठा जन्मदोष असू शकतो. "उद्या काही निघालंच, तर आधी स्वतःला दोष द्यायला जाऊ नका," त्या म्हणाल्या. दोन्ही स्कॅन व्यवस्थित आले.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. डाव्या डोळ्याखाली थोडं कमी भरलं गेलं होतं आणि टच-अपची तारीख आधीच ठरलेली होती. मी स्किनच्या डॉक्टरांना विचारलं, बाळापर्यंत जाणार नसेल तर तेवढं करून घेऊ का? त्यांनी स्पष्ट नकार दिला, आणि कारणंही दिली. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, चेहऱ्यातही पाणी साठतं. आज जो खड्डा दिसतो तो दोन महिन्यांनी दिसेलच असं नाही, आणि बाळंतपणानंतर चेहरा परत बदलणार. मग मोजमाप कशाचं घ्यायचं? रक्त साकळून काळंनिळं होण्याची शक्यता जास्त. या काळात त्वचा डाग धरायला टपलेली असते, वांगाचे डाग येतात ते त्यामुळेच. सुईच्या जागीही डाग राहू शकतो. शिवाय पोट मोठं झाल्यावर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येते. "आणि मुख्य म्हणजे," त्या म्हणाल्या, "काही बिघडलं तर माझे हात बांधलेले असतील." हे शेवटचं वाक्य तेव्हा मला नीट उमगलं नाही.

सहाव्या महिन्यात उमगलं.

हिरड्या सुजून रक्त येत होतंच. गरोदरपणात अनेकींना होतं तसं. त्यात वरच्या डाव्या बाजूची दाढ ठणकायला लागली. दोन-तीन दिवसांनी सकाळी उठले तर दोन्ही डोळ्यांखाली सूज, डावीकडे जास्त, आणि बोट लावलं तर आत टणक गाठीसारखं लागत होतं. मला खात्रीच वाटली की हे फिलरचंच आहे, आणि मी स्किनच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन उचलला. नवरा म्हणाला, "आधी गायनॅक मॅडमना विचारू." बरं झालं त्याने तसं म्हटलं.

मॅडमनी ताबडतोब बोलावलं. फिलरचा विषयही काढू दिला नाही. आधी बीपी घेतलं, लघवी तपासायला पाठवली, प्लेटलेट आणि लिव्हरच्या तपासणीसाठी रक्त घेतलं. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे चमकतंय किंवा अंधुक दिसतंय का, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखतंय का, असे प्रश्न एकामागोमाग एक विचारले. मग समजावून सांगितलं: गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर चेहऱ्यावर अचानक सूज आली की सगळ्यात आधी प्रीएक्लॅम्प्सिया नाही ना ते पाहायचं. त्यात बीपी 140/90 किंवा त्याहून वर जातं, लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. "तुम्ही फिलरचं म्हणून घरी थांबला असता आणि ते बीपीचं निघालं असतं तर?" त्यांनी विचारलं. माझ्या अंगावर काटा आला. फिलरबद्दलच्या कुठल्याही माहितीत मी हे वाचलं नव्हतं, म्हणून इथे पुन्हा लिहिते: फिलर घेतलेली बाई गरोदर असेल आणि चेहरा सुजला, तर पहिल्यांदा बीपी आणि लघवी. बाकी सगळं त्यानंतर.

माझं बीपी नॉर्मल होतं, लघवी स्वच्छ होती, रक्तही ठीक आलं. तरी घरी बीपीचं मशीन ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायला सांगितलं. मग मला स्किनच्या डॉक्टरांकडे धाडलं.

त्यांनी गालावर जेल लावून सोनोग्राफी केली. चेहऱ्याची सोनोग्राफी होते हे मला ठाऊकच नव्हतं. पोटाच्या सोनोग्राफीसारखीच, यातही किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे बाळाची चिंता नाही. पडद्यावर डोळ्याखाली एक काळसर कप्पा दिसला. तेच माझं फिलर, जागेवरून हललेलं नव्हतं. त्याच्या भोवतीचा भाग मात्र सुजलेला होता. हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं, आणि गरोदरपणात अंगात पाणी तसंही जास्त असतं, त्यामुळे थोडी फुगवट येणारच. पण टणकपणा आणि एका बाजूची जास्त सूज याचं कारण त्यांना दाढेत दिसत होतं. शरीराची प्रतिकारशक्ती कशाने तरी चेतवली गेली की काही वेळा ती जुन्या फिलरवरही चाल करून जाते. सर्दी-ताप, दातांचा संसर्ग, कधी लस सुद्धा त्याला निमित्त होते. डिसेंबर 2020 मध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीच्या चाचणीत आधी फिलर घेतलेल्या मोजक्या जणांचा चेहरा किंवा ओठ सुजल्याची नोंद झाली होती, तेव्हा याची बरीच चर्चा झाली. अशी सूज फिलरनंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा येते. बहुतेक वेळा ती आवरते, पण आवरायला औषधं लागतात. आणि इथे मला त्यांचं जुनं वाक्य समजलं.

त्यांनी एका कागदावर अशा सुजेवरची नेहमीची औषधं लिहिली आणि माझ्यासमोर एकेक खोडत गेल्या. डॉक्सिसायक्लिन: संसर्ग आणि दाह दोन्हींवर त्यांचं आवडतं औषध, पण बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो, म्हणून खोडलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची अँटिबायोटिक्स गरोदरपणात शक्यतो टाळतात, खोडली. सूज उतरवायला आयबुप्रोफेन: 20 आठवड्यांनंतर ते बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतं, एफडीएने ऑक्टोबर 2020 मध्ये तशी सूचना काढली आहे. खोडलं. हट्टी गाठीत टोचतात ते फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल मुळात कर्करोगावरचं, पेशींची वाढ थांबवणारं औषध. त्याचा तर विचारही नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या गरज पडली तर गरोदरपणात देतात, पण त्याने साखर आणि बीपी वाढतं. माझी साखरेची तपासणी तोंडावर आलेली, आणि बीपीवर सगळ्यांचंच लक्ष. त्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

शेवटी राहिलं हायल्युरोनिडेज, म्हणजे फिलर विरघळवणारं एन्झाइम. मी म्हटलं, "मग तेच द्या ना मॅडम. विरघळून जाऊ दे सगळं." खरोखरच ते सगळं अंगाबाहेर काढून टाकावंसं वाटत होतं. त्या म्हणाल्या की हे एन्झाइम मोठं प्रथिन आहे, रक्तात गेलं तरी काही मिनिटांतच निकामी होतं, त्यामुळे बाळाला त्रास व्हावा असं दिसत नाही. पण इथेही गरोदर बायकांवरचे अभ्यास नाहीत, आणि त्याची ॲलर्जी आली तर ती जोरदार असू शकते. आईला तीव्र ॲलर्जीचा झटका आला, बीपी कोसळलं, तर बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. "डोळ्याखालच्या सुजेसाठी मी हा धोका पत्करणार नाही. पण एका प्रसंगी मी क्षणभरही थांबणार नाही," असं म्हणून त्यांनी तो प्रसंग सांगितला. फिलर टोचताना ते रक्तवाहिनीत गेलं किंवा वाहिनी दाबली गेली, तर त्या भागाचं रक्त बंद होतं. त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते, जोरात दुखतं, आणि उपचार न झाल्यास तो भाग मरतो. डोळ्याकडे जाणारी वाहिनी अडली तर दृष्टी जाऊ शकते. तिथे हायल्युरोनिडेज भरपूर आणि वारंवार द्यावं लागतं, गरोदर असो वा नसो, कारण न दिल्याने होणारं नुकसान फार मोठं. हे बहुतेक टोचताना किंवा त्यानंतर लवकरच घडतं, त्यामुळे माझ्या बाबतीत ती भीती उरलेली नव्हती. पण पोटात बाळ असताना नवीन फिलर का नको, याचं उत्तर त्या खोडलेल्या कागदावर होतं. जेल बाळापर्यंत जातं का, एवढ्या एकाच प्रश्नावर मी इतके दिवस अडले होते. बिघाड झाला तर तो निस्तरायला कुठली औषधं शिल्लक राहतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता कुणी मला विचारलं तर मी आधी हे सांगते.

माझ्यासाठी जे शिल्लक होतं ते असं: दाढेचा संसर्ग मुळापासून घालवायचा, अमॉक्सिसिलिन घ्यायचं, दुखलं तर पॅरासिटॅमॉल, थंड शेक, डोकं थोडं उंच ठेवून झोपायचं, आणि वाट पाहायची. गाठ लाल झाली, गरम लागली, ताप आला, डोळा उघडायला त्रास झाला किंवा दिसण्यात फरक पडला, तर रात्र असो की दिवस, निघून यायचं. ती दाबायची नाही, चोळायची नाही.

दातांचं काम गरोदरपणात करू नये असं आईचं ठाम म्हणणं होतं. तिला गायनॅक मॅडमशीच बोलायला लावलं. त्यांनी तिला सांगितलं, "काकू, तोंडातला संसर्ग तसाच ठेवणं जास्त वाईट." मग ती माझ्यासोबत दातांच्या डॉक्टरांकडे आली. त्यांनी दाढ साफ करून भरली, हिरड्यांची सफाई केली. भुलीसाठी टोचलं ते लिडोकेनच.

वाट पाहण्याचे ते दिवस अवघड गेले. आरशात पाहिलं की पोटात खड्डा पडायचा. बाळाने लाथ मारली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. बीपीचे आकडे मी वहीत लिहायचे आणि नवरा ते पुन्हा तपासायचा. आई रोज म्हणायची, "काय गरज होती गं त्या सुईची?" मी तिच्याशी वाद घातला नाही, तिचाही जीव टांगणीला लागला होता. दाढ बरी झाल्यावर डावीकडचा टणकपणा हळूहळू ओसरला. थोडी फुगवट मात्र शेवटपर्यंत राहिली.

बाळंतपणासाठी दाखल होताना भूलतज्ज्ञांना आणि गायनॅक मॅडमच्या टीमला फिलरची कल्पना दिली, स्टिकरचा फोटो फाइलला जोडला. मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं दणदणीत, सगळं व्यवस्थित.

बाळंतपणानंतर अंगातलं पाणी उतरलं तशी डोळ्यांखालची उशीही कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. स्किनच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीत पाहिलं तर फिलर अजून तिथेच. सांगतात त्यापेक्षा ते पुष्कळदा जास्त टिकतं, असं त्या म्हणाल्या. मी तेव्हा अंगावर पाजत होते. विरघळवायची घाई नव्हती, म्हणून आम्ही थांबलो. लेकीचं पाजणं सुटल्यावरच ते करून घेतलं. त्याआधी त्यांनी विचारलं, "कधी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून अंग सुजलंय का?" त्यांच्या विषातही हेच एन्झाइम असतं, त्यामुळे तशी ॲलर्जी असणाऱ्यांना हायल्युरोनिडेजनेही त्रास होऊ शकतो. मला तसं कधी झालं नव्हतं. तरी हातावर थोडं टोचून चाचणी घेतली, थांबायला लावलं, आणि मगच डोळ्याखाली दिलं. बरंच चुरचुरलं. दुसऱ्या दिवशी उठले तर फुगवट जवळपास गेलेली. जुने खड्डे पुन्हा दिसायला लागले, अगदी पहिल्यासारखे.

यानंतर मैत्रिणी आणि त्यांच्या बहिणी मला विचारतात, त्यातले दोन प्रश्न नेहमीचे. पहिला: आधीच फिलर घेतलंय आणि आता बाळाचा विचार आहे, तर काढून टाकावं का? मला माझ्या दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं ते हेच, की त्रास नसलेलं फिलर त्यासाठी काढायची गरज नाही. फक्त दातांचं काम आधी उरकून घ्या आणि स्टिकर जपून ठेवा. कुठल्या जातीचं फिलर आहे ते मात्र बघा. हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तर गरज पडल्यावर विरघळवता तरी येतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिलापेटाइट, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, पीएमएमए या दुसऱ्या जातींच्या फिलरना हायल्युरोनिडेज लागू पडत नाही. दुसरा प्रश्न: बोटॉक्सचं काय? ते वेगळं औषध आहे, स्नायू सैल करणारं विष. त्याचा रेणूही मोठा असतो, पण गरोदरपणात केवळ दिसण्यासाठी तेही घेत नाहीत. आणि सुई नाही म्हणून सुरक्षित, असं सांगून हवेच्या दाबाने ओठांत फिलर भरणारी पेनं विकली जातात, त्यांच्या वाटेला कुणीच जाऊ नये, गरोदर असो वा नसो. 2021 मध्ये एफडीएने त्यांच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिलेला आहे.

स्किनच्या डॉक्टरांनी परवा विचारलं की खड्ड्यांसाठी पुन्हा फिलर घ्यायचं का. आता त्यांच्याकडे संमतीपत्रावर शेवटच्या पाळीची तारीख लिहायची जागा आहे, ती त्यांनी मला मुद्दाम दाखवली. दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे, म्हणून मी त्यांना सांगितलं की ते बाळ होऊन त्याचं पाजणं सुटेपर्यंत नको. त्यांनी फाइलवर तसं लिहून ठेवलं.